ठिगळाचे दीडशे

लोक मला भाव सांगायला बोलावतात,
जुन्या कनूंचा, त्यातही एकट्या माणसाच्या कनूंचा.
दोघांच्या होड्या इथे ढिगाने,
लग्नात मिळतात, घटस्फोटात विकल्या जातात,
त्यांचा भाव कुणीही सांगेल.
एकट्याच्या होडीला गिऱ्हाईक एकच असतं,
ते कुठेतरी असतं, आणि त्याला घाई नसते.

एप्रिल संपत आला होता. मिनेसोटाच्या उत्तरेला
तळ्यांवरचा बर्फ काठाकाठाने काळा पडून सुटत होता.
एल्डोरा राउतिओच्या शेडमध्ये दिवा नव्हता.
छताला दोन दोऱ्या, दोऱ्यांच्या झोळीत
पालथी निजलेली ती: चौदा फूट आठ इंच,
केवलरची, मधाच्या रंगाची,
उन्हाने चाटली तिथे चहाच्या.

"चौतीस पौंड," एल्डोरा म्हणाली.
मी काटा लावला. साडेअडतीस.
"घेतली तेव्हा चौतीसच होती.
माझं नाही का वाढलं?"

मी बोटांनी वाचत गेलो.
काठाचं लाकूड टोकाशी कुजलेलं, नखाने निघतं: साठ वजा.
बैठक दोन इंच खाली घेतलेली, जुनी भोकं तशीच: वीस.
तळावर ओरखडे. त्यांचे मी कधीच कापत नाही,
जिला ओरखडा नाही ती गॅरेजातच म्हातारी झाली समजावं.
आणि डाव्या कुशीला, तळहाताएवढं ठिगळ.

"हे कुणी केलं?"
"मीच. बेटावर, पावसात.
उशीचा अभ्रा आणि एपॉक्सीची एक डबी.
तिसरा दिवस होता. अजून नऊ बाकी."
"ठिगळाचे दीडशे जातात."
"आजवर थेंब आला नाही त्यातून."
"तरी जातात."
ती गप्प राहिली. तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई,
गप्प कसं राहायचं ते तिला ठाऊक.

मग मी खाली वाकून आत पाहिलं.
तळाला चिकटवलेल्या फोममध्ये दोन खळगे, गुडघ्यांचे.
डावा जास्त खोल.
हे वहीच्या कुठल्या रकान्यात लिहायचं
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.
"डॉक्टर म्हणतो नवे बसवू," ती म्हणाली,
"पण त्यांवर टेकून बसता येणार नाही. मग कशाला?"

अकराशे, मी आकडा सांगितला.
जुनं ते सोनं असं इथे कुणी म्हणत नाही.
इथे जुनं ते जुनं,
हलकं असेल तर महाग.

शनिवारी डुलूथहून एक मुलगी आली,
ब्रिन नावाची, रात्रपाळीची नर्स,
डोळ्यांखाली पाळी तशीच, खिशात हजार.
तिने खूप विचारलं. वारा कडेने आला तर?
सामान किती? कुत्रा बसेल?
एल्डोराने एकच विचारलं,
"उचलता येते?"

पाण्यात सगळ्याच होड्या हलक्या.
एक तळं संपून दुसरं लागेपर्यंत जी वाट असते,
चिखलाची, मुळांची, डासांची,
तिथे होडी तुमच्यावर बसते,
तिथे तिची किंमत कळते.

ब्रिन पहिल्यांदा चुकली. टोक जमिनीवर आपटलं,
मी मनात आणखी दहा वजा केले.
एल्डोरा हलली नाही.
दुसऱ्यांदा मांडीवर, मग झटक्यात खांद्यावर,
आणि मुलगी दिसेनाशी झाली,
नुसती एक होडी दोन पायांवर अंगण उतरून गेली,
पत्रपेटीला वळसा घालून परत आली.

"अकराशे," एल्डोरा म्हणाली.
"हजार आहेत."
घासाघीस मी आयुष्यभर पाहिली, ही तशी नव्हती.
"मग शंभर नंतर पाठव," म्हातारी म्हणाली,
"तुझं पहिलं ठिगळ लावशील तेव्हा."

पट्टे आवळले, गाडी वळली.
शेडमध्ये दोन दोऱ्या लोंबत राहिल्या
मधली होडीएवढी हवा झेलत.
"ह्यांचे किती येतील?" तिने विचारलं.
दोऱ्यांना कोण विचारतं, मी म्हणालो.
"बरं झालं," ती म्हणाली,
आणि दार ओढून घेताना
डावा पाय जरा जपून टाकला.